एक यंत्रात, एक कपाटात, एक धुळ्यात



परवा धाकटी जाऊ आली आणि तिने विचारलं, "भाभी, टीव्हीच्या खाली हे काळं खोकं कसलं ठेवलंय?" मी म्हटलं, "तो आपला ग्रंथभांडार आहे." ती हसली. पण मला हसू येत नाही, कारण त्या खोक्याच्या मागे माझीच एक चूक आहे. आज तीच सांगते.

सासूबाईंचा आवाज आमच्याकडे दोन कॅसेटवर होता. एकीवर त्यांची मारवाडी स्तवनं, दुसरीवर नुसत्या गप्पा. हातभर पापड लाटता लाटता मधेच मेथीच्या लाडवांचं प्रमाण सांगणं, मधेच कुणाची तरी सोयरीक. त्या गेल्यावर मुलाने दोन्ही कॅसेट संगणकात उतरवल्या आणि एका पोर्टेबल हार्ड डिस्कमध्ये ठेवल्या. मी हुशारी केली. "आता हा पसारा कशाला?" म्हणून कॅसेट रद्दीत दिल्या. पुढे पर्युषणाआधी कपाट आवरताना माझ्याच कोपराचा धक्का लागून ती डिस्क खाली पडली. लावली तर टक्, टक्, टक्. पुण्याला तपासायला पाठवली. आतल्या तबकडीवर ओरखडे गेले होते. काहीच निघालं नाही.

हार्ड डिस्क म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. आत गुळगुळीत तबकड्या मिनिटाला हजारो फेरे घेतात आणि वाचणारी सुई त्यांच्यावर केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी अंतरावर तरंगते. आयबीएमने १९५६ मध्ये पहिली डिस्क आणली, तेव्हा तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि सगळ्या मिळून मावायची ५० लाख अक्षरं. आज तळहातावरच्या डिस्कमध्ये माझ्या सात पिढ्यांचं मावेल. पण जेवढं जास्त मावतं, तेवढं एका धक्क्यात जातं.

मग मी वही घेतली. बी.कॉम.चा तेवढा तरी उपयोग! इंटरनेटवर २ टीबी जागा भाड्याने घ्यायची तर वर्षाला साडेसहा हजारांच्या आसपास, आणि भाडं थांबलं की जागा गेली. घरी करायचं तर काय? दुकानातला जुना संगणक पडून होता. मुलाने फोनवरून सांगत सांगत त्यात ओपनमीडियाव्हॉल्ट नावाची फुकट मिळणारी प्रणाली बसवून घेतली. आता घरातला कुठलाही मोबाइल त्यात फोटो टाकू शकतो. ४ टीबीची एक डिस्क आत बसवली, दहा हजार. तेवढ्याच दोन पोर्टेबल, नऊ-नऊ हजार. लाइट गेली की डिस्कला झटका बसू नये म्हणून छोटा यूपीएस, तीन हजार. एकूण ३१ हजार. पाच वर्षांचा घसारा धरला तर वर्षाला ६,२००. रोज दोनच तास चालवते, म्हणून वीज वर्षाला ३६-३७ युनिट. म्हणजे भाड्याइतक्याच पैशात दुप्पट जागा आणि तीन प्रती.

खरेदीत दोन गोष्टी लक्षात ठेवा. डिस्कवर ४ टीबी लिहिलेलं असतं आणि संगणक ३.६३ दाखवतो. मला वाटलं, काट्यात खोट आहे! तसं नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, संगणक १०२४ च्या पटीत. दुसरं, काही डिस्कमध्ये माहितीचे पट्टे कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात, त्याला एसएमआर म्हणतात. एक कौल बदलायला शेजारची उचलावी लागतात, तसं तिथे पुसून पुन्हा लिहायला वेळ लागतो. म्हणून यंत्रातली रोजची डिस्क सीएमआर घ्या. कपाटात ठेवायची कुठलीही चालेल.

मुलगा म्हणाला होता, "मम्मी, यंत्रात दोन डिस्क लाव, एकीवरचं आपोआप दुसरीवर जाईल." त्याला रेड म्हणतात. एक डिस्क बिघडली तर दुसरी काम चालू ठेवते, हे खरं. पण तो आरसा आहे. तुम्ही चुकून फोटो पुसला की आरशातलाही गेला. घरात आग लागली, चोरी झाली, तर दोन्ही एकदमच गेल्या. म्हणून एक यंत्रात, एक कपाटात आणि एक धुळ्यात.

धुळ्यातच का, ते सांगते. डिस्क गेल्यावर मी नणंदबाईंना फोन करून रडले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "अगं, स्तवनांची कॅसेट बाईंनी मला पण करून दिली होती." गाद्यांच्या पेटीत होती. चालली! आवाज जरा घोगरा झाला होता, पण सासूबाईच. गप्पांची कॅसेट मात्र एकच होती. ती गेली. लाडवांचं प्रमाण मला पाठ आहे, पण ते सांगताना त्या मधेच हसायच्या, ते हसू आता कुठेच नाही.

आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होतं. आगम मुखोद्गत होते, दुष्काळात साधू कमी झाले, स्मरण कमी झालं, तेव्हा वीरनिर्वाणानंतर ९८० वर्षांनी वल्लभीत देवर्धिगणी क्षमाश्रमणांनी ते लिहवून घेतले, असं आपली परंपरा सांगते. पुढे श्रावकांनी प्रती करवून गावोगावी दिल्या, त्यालाच आपण शास्त्रदान म्हणतो. धुळ्याचंच उदाहरण घ्या. इतिहासाचार्य राजवाडे घराघरांतली दप्तरं शोधत हिंडले आणि १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे २२ खंड निघाले. ज्या पत्राची एकच प्रत कुणाच्या तरी माळ्यावर होती, ते छापून अनेक घरांत गेलं. १९२६ च्या शेवटच्या दिवशी ते धुळ्यात गेले आणि १९२७ मध्ये तिथे त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं. माहेरपणाला गेले की त्या इमारतीवरून जायचे, पण हा विचार कधी मनात आला नव्हता.

आता आमचा नेम ठरला आहे. भाऊबीजेला नणंदबाई जळगावला येतात, त्यांच्या पिशवीत धुळ्याची डिस्क असते. ती मी ठेवून घेते आणि कपाटातली, नवी भरलेली, त्यांना देते. तीन दिवसांनी ज्ञानपंचमी. पोथ्या काढून झटकायचा, नव्या वस्त्रात बांधायचा तो दिवस. त्याच दिवशी मी डिस्कही लावून पाहते. प्रत्येक फाइलची एक बेरीज संगणक लिहून ठेवतो, तिला चेकसम म्हणतात. ती पुन्हा करून जुन्या बेरजेशी ताळा लावायचा. जमली तर फाइल शाबूत. मे महिन्यात जळगाव ४५ अंशांवर जातं, तेव्हा दुपारी यंत्र बंदच असतं.

कुणी म्हणेल, हा परिग्रहच की! बरोबर आहे. म्हणून मी परिमाण घेतलं आहे, ४ टीबीच्या पुढे जायचं नाही. एका केकचे ४० फोटो असतील तर दोन ठेवते, बाकीचे पुसते. सगळ्यात स्वस्त जागा तीच. आणि खरं सांगू का, पुसताना एकेक चेहरा नीट पाहिला जातो.

तुमच्याकडे घरातल्या मोठ्यांचा आवाज एकाच मोबाइलमध्ये असेल, तर एवढा खर्च नंतर करा. आज फक्त त्याची एक प्रत दुसऱ्या गावच्या बहिणीला, नणंदेला पाठवा. आणि मूळ कॅसेट रद्दीत देऊ नका.

जय जिनेंद्र.