आधी चारा, मग झूल



यंदाच्या पोळ्याची गोष्ट सांगतो. सकाळी बैल धुऊन झाले होते, शिंगांना रंग लागला होता आणि घरात पुरणाची गडबड चालली होती. तेवढ्यात माझा पुतण्या हातात एक कागद घेऊन ओट्यावर येऊन बसला. त्याने उन्हाळ्यात जुनी मारुती ८०० घेतली आहे. "आप्पा, गाडीत जरा दम आणायचा आहे. यादी केली आहे, तुम्ही एकदा नजर घाला," तो म्हणाला.

मी चष्मा लावून यादी वाचली. रुंद टायर आणि चकचकीत रिमा. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर. जास्त हवा ओढणारा फिल्टर. मागच्या बाजूला पंख. १०० वॉटचे दिवे. खाली बेरीज होती ४२ हजार रुपये. कापसाला अजून बोंडे धरायची होती आणि त्याचा पैसा यादीत खर्चून मोकळा झाला होता.

मी लगेच काही बोललो नाही. कारण त्या यादीतले शेवटचे कलम मी स्वतः एकदा केले होते आणि त्याची किंमत मोजली होती. ती हकिगत आज तुमच्यापुढे मांडतो. खेड्यापाड्यात आता जुनी मोटार बऱ्याच घरी आली आहे. दवाखाना, लग्नकार्य, बाजार, सगळे तिच्यावर. तेव्हा हा विषय शेतीबाहेरचा आहे असे समजू नका.

आधी या गाडीविषयी थोडे. मारुती ८०० ची पहिली गाडी १४ डिसेंबर १९८३ रोजी गुडगावच्या कारखान्यातून बाहेर पडली. पहिल्या मालकाला किल्ली खुद्द पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी दिली. २०१४ च्या जानेवारीत तिचे उत्पादन थांबले. तीन सिलिंडर, ७९६ सीसीचे इंजिन आणि ताकद सुमारे ३७ अश्वशक्ती. म्हणजे आपल्या ३५ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरइतकीच! पण ट्रॅक्टर आपली ताकद दोन हजारांच्या आसपास फेऱ्यांवर देतो आणि ही गाडी ती पाच हजार फेऱ्यांवर देते. म्हणून पाच माणसे बसवून कन्नडच्या घाटात वरच्या गिअरवर रेटली, की ती धापा टाकते. तिथे गिअर खाली घेतला की तीच गाडी निमूट चढते. दम नाही असे आपण म्हणतो, तेव्हा निम्म्या वेळा चूक हाकणाऱ्याची असते.

आता माझी हकिगत. मी २००९ साली २००४ ची ८०० घेतली. दुसऱ्याच वर्षी हातात थोडा पैसा आला. तेव्हा मी काय केले असेल? मखमली गाद्या बसवल्या, दोन भोंग्यांचा हॉर्न लावला आणि पुढे १०० वॉटचे बल्ब घातले. रात्री रस्ता दिवसासारखा दिसू लागला. मी खूश झालो. टायर गुळगुळीत झाले होते, ब्रेक दाबला की गाडी जरा डावीकडे ओढायची, पण तिकडे "पुढच्या हंगामात बघू" म्हणून काणाडोळा केला.

२०११ चा नोव्हेंबर होता. आईच्या डोळ्याची शस्त्रक्रिया करून आम्ही जळगावहून एरंडोलला परत निघालो. मागे आई आणि माझी पत्नी. तेव्हा आपला महामार्ग दुपदरी होता. बांभोरीचा पूल ओलांडला, पाळधी मागे टाकली आणि अचानक दोन्ही दिवे विझले. डोळ्यांपुढे काळोख. ब्रेक दाबला, गाडी डावीकडे ओढली गेली, आणि पुढे वेचणीचा कापूस भरलेली एक बैलगाडी होती. तिला ना कंदील, ना मागे काही चमकणारे. धडक बसली. गाडीवर बसलेला पोरगा खाली पडला. एका बैलाचा पाय जुवाखाली मुरगळला.

पोरग्याला खरचटण्यापलीकडे काही झाले नाही, ही देवाची कृपा. आईच्या डोळ्यावरची पट्टी जागच्या जागी राहिली. पण तो बैल पुढे तीन महिने औताला लागला नाही. रब्बीची पेरणी त्या शेतकऱ्याने भाड्याच्या बैलांनी केली. भाडे मी दिले, गाडीचे चाक करून दिले. तो बापडा एवढेच म्हणाला, "साहेब, तुम्हीच आम्हाले शिकाडतस ना?" आजही ते वाक्य आठवले की मान खाली जाते. गावोगाव जाऊन "आधी माती परीक्षण, मग खत" असे सांगणारा मी, माझ्या गाडीच्या बाबतीत पाहणी न करताच खत ओतत होतो.

दिवे का विझले, ते दुसऱ्या दिवशी कळले. गाडीचे मूळ बल्ब ६०/५५ वॉटचे असतात. मोठ्या उजेडावर दोन्ही मिळून दहा ॲम्पियर वीज ओढतात. १०० वॉटचे दोन बल्ब सुमारे सतरा ॲम्पियर ओढतात. स्टिअरिंगजवळचे बारीक बटण आणि त्याची वायर दहाच्या हिशेबाने केलेली. ती रोज थोडी थोडी तापत गेली आणि त्या रात्री वितळली. अर्ध्या इंचाच्या पाइपावर साडेसात अश्वशक्तीचा पंप जोडल्यासारखा तो प्रकार होता.

ज्या म्हाताऱ्या मिस्तरीने गाडी उघडून हे दाखवले, तो अहिराणीत म्हणाला, "भाऊ, बैलले पयले चारा, मंग झूल." झूल पोळ्याला एक दिवस घालायची असते. चारा रोज लागतो.

त्यानंतर त्याच्याकडून जे शिकलो आणि इतकी वर्षे पाळले, ते क्रमाने सांगतो.

पहिले काम तपासणीचे. गाडीचे माती परीक्षण म्हणजे कॉम्प्रेशन तपासणे. तिन्ही सिलिंडरांत दाब जवळजवळ सारखा हवा. एखाद्यात कमी निघाला तर त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजतात. दाब वाढला तर रिंगा झिजल्या आहेत, नाही वाढला तर दोष बहुधा व्हॉल्व्हचा. इंजिनच थकलेले असेल तर वरून काहीही लावा, दम येणार नाही. लिंबाच्या मुळाला डिंक्या लागला असताना पानावर फवारे मारण्यात काय अर्थ?

दुसरे काम श्वास आणि ठिणगी. आपल्या खानदेशात धूळ भरपूर. कागदी एअर फिल्टर वेळेवर बदला. जास्त हवा ओढणाऱ्या फिल्टरातून बारीक धूळही जास्त जाते आणि ती सिलिंडर खाते. प्लग नवे घालून त्यांची फट पुस्तकातल्या मापाने ठेवा. टॅपेट जुळवून घ्या. एवढ्या स्वस्त कामांनी गाडी हलकी पळते, हा माझा अनुभव आहे.

तिसरे, अडून बसलेले चाक. चारही चाके एकेक करून जॅकवर उचला आणि हाताने फिरवून पहा. जड फिरणाऱ्या चाकात ब्रेक चिकटलेला असतो. म्हणजे बैल ओढतो आहे आणि मागून कोणी कासरा धरून ठेवला आहे! माझ्या गाडीचे मागचे एक चाक असेच निघाले. ते मोकळे केले, टायरची हवा गाडी थंड असताना बरोबर भरली, डिकीतला फवारणी पंप आणि बियाण्याच्या पिशव्या काढल्या. लिटरला चौदा किलोमीटर देणारी गाडी सतरावर गेली.

चौथे, पाणी. ठिबकच्या नळ्यांत बोअरच्या पाण्याचे क्षार कसे बसतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. तेच पाणी रेडिएटरमध्ये ओतले तर तिथेही तेच होते. मग मे महिन्यात गाडी उकळते. कारखान्याने सांगितलेले कूलंटच वापरा.

पाचवे आणि सर्वांत महत्त्वाचे, थांबण्याची ताकद. वेग चाळीसचा ऐंशी केला तर ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला दुप्पट नव्हे, चौपट अंतर लागते. ब्रेकचे तेल हवेतला ओलावा शोषून घेते, ते दर दोन वर्षांनी बदला. टायरच्या अंगावर शेवटी चार आकडे असतात. समजा '२३१९' असले, तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. नक्षी शिल्लक दिसली तरी आपल्या उन्हात रबर कडक होऊन तडकते. जुना टायर विकत घेताना हे आकडे वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

सहावे, उजेड. बल्ब मूळ वॉटचेच ठेवा आणि वायरमनकडून रिले बसवून घ्या. मग बॅटरीची वीज जाड वायरने थेट दिव्यापर्यंत जाते आणि बटणावर भार येत नाही. दिव्यापर्यंत पोहोचणारा व्होल्टेज दहा टक्के घटला तर उजेड सुमारे तीस टक्के घटतो. म्हणून रिलेने त्याच बल्बचा उजेड चांगला वाढतो आणि समोरच्याचे डोळेही दिपत नाहीत.

हे सगळे मी एका वर्षात, टप्प्याटप्प्याने, चार नव्या टायरांसकट अठरा हजारांच्या आत केले.

पुतण्याच्या यादीतल्या बाकीच्या गोष्टींविषयी. रुंद टायरांनी स्टिअरिंग जड होते, बेअरिंगवर ताण येतो आणि पेट्रोल जास्त जाते. या छोट्या इंजिनाला नुसता मोकळा सायलेन्सर लावून आवाज वाढतो, ओढ वाढत नाही. शिवाय मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीत मनमानी फेरफार करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे ठामपणे सांगितले. गॅसचे किट बसवायचे तर तेही मान्यताप्राप्त हवे आणि नोंदणी पुस्तकात चढवून घ्यावे लागते. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण असते. त्या तपासणीत असे फेरफार आड येतात, आणि अपघात झाला तर विमा कंपनीही हरकत घेऊ शकते.

आणखी एक नवी बाब ध्यानात घ्या. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. ते इथेनॉल उसापासून, धान्यापासून, आपल्या मक्यापासूनही होते, याचा आपल्याला आनंदच आहे. पण इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे अॅव्हरेज थोडा उतरतो. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप आणि वायसर त्या मिश्रणासाठी केलेले नव्हते. पेट्रोलचे पाइप हाताने चाचपून पहा. फुगलेले, चिकट किंवा तडकलेले दिसले तर लगेच बदला. पेट्रोलचा वास आला तर गाडी सुरूच करू नका.

महाविद्यालयात असताना आम्हाला लीबिग या जर्मन शास्त्रज्ञाचा नियम शिकवला होता. जे अन्नद्रव्य सर्वांत कमी, त्यावर पीक अडते. बाकीची कितीही द्या, उपयोग नाही. लाकडी पिंपाची सर्वांत तोकडी फळी जेवढी, तेवढेच पाणी त्यात राहते. माझ्या गाडीची तोकडी फळी ब्रेक आणि टायर ही होती, आणि मी उंच फळ्यांवर नक्षी काढत बसलो होतो. तुमच्या गाडीची फळी कोणती, ते शोधा. तिथेच पहिला रुपया घाला.

पोळ्याच्या संध्याकाळी मी पुतण्याला ही सारी हकिगत सांगितली. बैलाच्या पायाचीही सांगितली, जी घरात मी सहसा काढत नाही. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आप्पा, एक रिमा तरी?" मी म्हटले, "कर की. आधी टायरवरचे आकडे वाचून ये." तो बॅटरी घेऊन अंगणात गेला आणि खाली बसून एकेक टायर पाहू लागला. परत आला तेव्हा तोंड उतरले होते. चारपैकी दोन टायर बारा वर्षांपूर्वीचे निघाले. यादी त्याने स्वतःच फाडली.

आता शेवटची विनंती, आणि ती गाडी नसलेल्या बांधवांनाही आहे. तुमच्या बैलगाडीला आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला मागून लाल चमकणारी पट्टी आजच लावा. थोडक्या पैशांत होते. कापसाच्या वेचणीचे दिवस जवळ आले आहेत आणि संध्याकाळ लवकर होते. त्या रात्री दिवे माझे विझले, चूक माझीच होती. पण पट्टी असती तर मागून येणाऱ्या एखाद्या वाहनाच्या उजेडात का होईना, ती मला चार हात आधी दिसली असती, आणि एका शेतकऱ्याची रब्बी भाड्याच्या बैलांवर गेली नसती.