काळ्या गाळाचा बंदोबस्त

आपल्याकडे घर उबदार ठेवण्यासाठी स्वतंत्र यंत्रणा उभारण्याचा प्रसंग सहसा येत नाही, त्यामुळे ज्या वस्तूंची रचना करण्यात माझे व्यावसायिक आयुष्य जात आहे त्यांचा परिचय करून देण्यापूर्वी इंग्लंडमधील सामान्य घराची थोडी माहिती देणे अगत्याचे आहे. स्वयंपाकघरातील कपाटात टांगलेल्या बॉयलरमध्ये तापलेले पाणी पंपाच्या योगाने खोल्याखोल्यांतील पोलादी रेडिएटरांत जाते, तेथे आपली उष्णता देऊन पुन्हा बॉयलरकडे परतते, आणि हे पाणी नळाच्या पाण्यासारखे वाहून जात नसल्यामुळे एकदा भरलेला तोच साठा वर्षानुवर्षे फिरत राहतो. या साठ्याची शुद्धी राखणारी छोटी भांडी, म्हणजे परतीच्या नळीवर बसणारे चुंबकीय फिल्टर, हे माझे क्षेत्र आहे.

नव्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू पोलादाशी संयोग पावून लवकरच संपतो, आणि यंत्रणा सर्वस्वी बंदिस्त असती तर प्रकरण तेथेच मिटले असते. परंतु सांध्यांतून होणारी सूक्ष्म गळती, ती भरून काढण्यासाठी वारंवार घातलेले ताजे पाणी आणि प्लॅस्टिकच्या काही नळ्यांच्या भिंतींतून आत शिरणारा प्राणवायू यांमुळे गंजण्याची क्रिया खंड न पडता चालू राहते. प्राणवायूचा तुटवडा असलेल्या गरम पाण्यात गंजण्यातून तयार झालेल्या लोहाच्या संयुगांचे मॅग्नेटाइट नावाच्या काळ्या चुंबकीय ऑक्साइडमध्ये रूपांतर होते आणि त्याबरोबर हायड्रोजन सुटतो. वायू रेडिएटरच्या माथ्याशी साठतो आणि पाण्याच्या पाचपटींहून जड असलेला गाळ तळाशी बसतो. म्हणूनच अनुभवी फिटर कोणतेही उपकरण न काढता तापलेल्या रेडिएटरवरून तळवा फिरवतो. वरचा भाग थंड लागला तर वायू, खालचा मधला भाग थंड लागला तर गाळ, हे त्याचे निदान सहसा चुकत नाही.

पूर्वीच्या बॉयलरांतील ओतीव लोखंडाचे मार्ग इतके प्रशस्त असत की पुष्कळसा गाळ त्यांतून बिनतक्रार निघून जाई. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००५च्या एप्रिलपासून धुरातील वाफेचीही उष्णता वसूल करणारे बॉयलर बसवणे बहुतांशी सक्तीचे झाले आणि त्यांच्या अरुंद मार्गांना ही मुभा राहिली नाही. पुढे २०१३पासून युरोपीय नियमांनी पंपांच्या वीजवापरावर मर्यादा घातल्या आणि कायम चुंबकाचा रोटर असलेले पंप सर्वत्र आले. वीज वाचली ही मोठीच गोष्ट झाली, पण पाण्यात चुंबकीय गाळ फिरत असताना पंपाच्या पोटातच चुंबक बसवला गेला, आणि गाळ रोटरभोवती जमून पंप अडकू लागले. घरगुती यंत्रणांतील पाण्यासंबंधीच्या बीएस ७५९३ या ब्रिटिश मानकाच्या २०१९च्या आवृत्तीने नळीवर कायमचा फिल्टर असावा आणि पाण्यातील गंजरोधक रसायनाची दरवर्षी तपासणी व्हावी अशी तरतूद केली, ती मला अत्यंत योग्य वाटते.

आता भांड्याच्या आकाराकडे वळू. चोवीस किलोवॅटचा बॉयलर जाणाऱ्या आणि परतणाऱ्या पाण्याच्या तापमानात वीस अंशांचा फरक ठेवून चालत असेल तर मिनिटाला सुमारे १७ लिटर पाणी फिरते आणि २२ मिलिमीटरच्या तांब्याच्या नळीत त्याचा वेग सेकंदाला ९० सेंटिमीटरच्या आसपास असतो. साठ मिलिमीटर रुंदीच्या भांड्यात तो दहा-अकरा सेंटिमीटरवर येतो. म्हणजे भांडे बारा सेंटिमीटर उंच धरले तर कण आपल्या ताब्यात जेमतेम एक सेकंद राहतो. तेवढ्या अवधीत त्याला प्रवाहातून ओढून घ्यायचे असते. कणाचा व्यास निम्मा झाला की चुंबकाची ओढ एक अष्टमांश होते आणि पाण्याचा विरोध मात्र निम्माच होतो, त्यामुळे सर्वांत बारीक कण सर्वांत हट्टी ठरतात. निओडिमियमचे चुंबक, जे १९८०च्या दशकात जपानमध्ये मासातो सागावा आणि अमेरिकेत जॉन क्रोएट यांनी परस्परांपासून स्वतंत्रपणे सिद्ध केले, ते नसते तर इतक्या लहान भांड्यात हे काम साधलेच नसते. मात्र त्यांचे साधे प्रकार ८० अंशांच्या पुढे आपले बळ कायमचे गमावू लागतात, म्हणून उष्णतेस टिकणारा प्रकार निवडावा लागतो.

तेच पाणी तासाला दहा वेळा फिल्टरमधून जाते, मग पहिल्याच फेरीत कण सापडला नाही तर काय बिघडले, असा युक्तिवाद भांडे आणखी लहान करण्याच्या बाजूने नेहमी केला जातो. मला तो मान्य नाही. जुन्या रेडिएटरांना नवा बॉयलर जोडतात तेव्हा पंप सुरू होताच वर्षानुवर्षांचा गाळ उसळून येतो, आणि हानी व्हायची ती त्या पहिल्या फेऱ्यांतच होते.

तथापि आटोपशीरपणाची खरी कसोटी चुंबकापेक्षा फिटरच्या हातापाशी लागते. वर्षातून एकदा तो कपाटासमोर गुडघे टेकून बसतो, दोन्ही बाजूंचे कॉक बंद करतो, वरचा स्क्रू सैल करून दाब सोडतो, खालचे झाकण फिरवून काढतो आणि चुंबकाला पाण्यापासून वेगळे ठेवणाऱ्या कोरड्या म्यानातून त्याचा दांडा खाली ओढतो. दांडा निघताक्षणी म्यानावरचा काजळासारखा दाट, चकचकीत थर सुटून बादलीत पडतो. बारा सेंटिमीटरचा दांडा बाहेर काढण्यास भांड्याखाली आणखी तेवढीच मोकळी जागा लागते. आराखड्यावर भांड्याचीच मापे लिहिण्याचा शिरस्ता असला, तरी ओढलेला दांडा आणि झाकण पकडणारी मूठ या दोहोंची बाह्यरेषा तुटक रेघांनी काढल्यावाचून कोणताही आराखडा पुढे जाऊ नये, असा माझा आग्रह असतो. जो फिल्टर उघडणे गैरसोयीचे असते तो कोणी उघडत नाही, आणि भरलेला फिल्टर नसल्यातच जमा.

काचतंतुमिश्रित नायलॉनच्या या भांड्यांत आणखी एक मर्म दडलेले असते. साच्यातील गाभ्याला वळसा घालून वितळलेल्या नायलॉनचे दोन प्रवाह जेथे मिळतात तेथे तंतू एकमेकांत गुंफले जात नाहीत, आणि भांडे फुटायचे तर त्याच रेषेवर फुटते. ती रेषा कमी ताणाच्या जागी नेण्यात साचेकाराचे कौशल्य आहे.

पाण्यातील सगळाच मळ चुंबकाच्या हाती लागतो असे मात्र नाही. आपल्याकडे गिझरच्या कॉइलवर जमणारा पांढरा थर लंडनच्या कठीण पाण्यातही भरपूर होतो, पण तो चुन्याचा. त्याला चुंबक धरत नाही, आणि चुंबकाने चुना जमणे थांबते या दाव्यांना मला समाधानकारक वाटेल असा पुरावा आढळलेला नाही.

बॉयलरच्या जागी बाहेरची उष्णता घरात आणणारे हीट पंप आल्यापासून हे सारे गणित पुन्हा मांडावे लागत आहे. आठ किलोवॅटचा हीट पंप पाच अंशांच्या फरकाने चालवला तर उष्णता बॉयलरच्या एकतृतीयांश असूनही मिनिटाला २३ लिटर पाणी फिरवावे लागते. नळी २८ मिलिमीटरची होते, भांडे रुंद करावे लागते, आणि कपाट मात्र पूर्वीचेच राहते. म्हणून दांडा आडवा ठेवून समोरून ओढता येईल अशी रचना सध्या माझ्या फलकावर आहे. तीत खालची जागा वाचते, परंतु गाळ तळाशी न जाता झाकणाच्या आट्यांत शिरतो. तो तेथे पोचण्यापूर्वी अडावा म्हणून म्यानाच्या तोंडाशी किती उंचीचा ओठ ठेवावा, याचे प्रयोग चालू आहेत.