हाताला पेलेल तेच हत्यार

द्राक्षबागायतदाराचा अंगठा बाकीच्या शरीराआधी म्हातारा होतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडीबहाराची छाटणी, त्यानंतर शेंडे खुडणे, घडांची विरळणी. या सगळ्यात कात्री उजव्या हातात आणि जोर अंगठ्याच्या बुडाशी. दिंडोरी तालुक्यात माझ्या वयाच्या कितीतरी माणसांचा अंगठा मनगटाजवळ उंचवटा आल्यासारखा दिसतो. माझाही तसाच झाला. डॉक्टरांनी एक्स-रे पाहून सांगितले, हा आमवात नव्हे, सांध्याची झीज आहे. आमवातात सकाळचा ताठरपणा तासभर किंवा त्याहून जास्त टिकतो आणि दोन्ही हातांची बोटे सुजतात. झिजेत सकाळचे आखडणे थोड्या वेळात सुटते, पण हात कामाला लावला की कळ येते. मला बरणीचे झाकण उघडेना, मोटारसायकलचा क्लच दाबवेना. तरी कपाटातल्या पिस्तुलाचा विचार मनात आला नव्हता.

तो आला २०२४ च्या लोकसभा निवडणुकीनंतर. निवडणूक लागली की परवान्याची शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात. दिंडोरी मतदारसंघाचे मतदान २० मे रोजी झाले आणि निकालानंतर मी पिस्तूल आणायला गेलो. शस्त्र हातात घेतल्यावर ते रिकामे असल्याची खात्री तिथल्या तिथे करायची ही माझी जुनी सवय. मॅगझिन काढले आणि स्लाइड मागे ओढू लागलो, तर ती निम्म्यावर अडली. पुन्हा ओढली, पुन्हा अडली. अंगठ्यातून कोपरापर्यंत कळ गेली. समोरचे हवालदार आदराने म्हणाले, "नाना, द्या इकडे, मी बघतो." त्यांनी सहज ओढून दाखवली. ज्या माणसाला आपले पिस्तूल रिकामे आहे की भरलेले हे स्वतःच्या हाताने पाहता येत नाही, त्याने ते जवळ बाळगणे धोक्याचे आहे, हे मला त्या टेबलासमोरच पटले.

परवाना का घेतला होता, हेही सांगायला हवे. आम्ही गावापासून लांब, मळ्यात राहतो. पूर्वी जानेवारी ते एप्रिल या हंगामात व्यापाऱ्यांचे पैसे रोख यायचे आणि रात्रभर घरात असायचे. आता पैसे बँकेत येतात, पण मुलगा नाशिकला असतो आणि वस्तीवर रात्री आम्ही दोघेच. बिबट्यासाठी मात्र हे हत्यार नाही. आमच्या भागात उसात बिबट्या असतो, हे लहान पोरालाही ठाऊक आहे. तो १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पहिल्या अनुसूचीतला प्राणी आहे. त्याच्यासाठी वनखात्याला फोन करायचा, अंगणात दिवा ठेवायचा, पोरांना अंधारात एकटे सोडायचे नाही. चोरट्यांसाठीसुद्धा आधी कुत्रा, मग शेजाऱ्यांना हाक, ११२ आणि आमच्याकडे चालणारी ग्राम सुरक्षा यंत्रणा. हत्यार सगळ्यात शेवटी. आणि अशी वेळ आलीच, तर त्या क्षणी हाताने दगा देता कामा नये.

नाशिकच्या शस्त्रविक्रेत्याकडे गेलो. आपल्याकडे सामान्य परवान्यावर निवड फार मोठी नसते. ९ मिलिमीटर, .३८, .४५ ही बोअर प्रतिबंधित. परदेशी पिस्तुलांची आयात सामान्य नागरिकाला ऐंशीच्या दशकातच बंद झाली. अमेरिकेत अशक्त हातांसाठी हलक्या स्प्रिंगची, सहज ओढता येणाऱ्या स्लाइडची पिस्तुले मुद्दाम बनवतात. ती आपल्याला मिळत नाहीत. आपल्यासाठी मुख्यतः .३२ आणि .२२.

दुकानदाराने आधी मला माझे पिस्तूल का अडते हे समजावले. आपल्याकडच्या .३२ पिस्तुलात गोळी सुटताना नळीमागचा भाग दुसऱ्या कशाने अडकवलेला नसतो. स्लाइडचे वजन आणि स्प्रिंगचा ताण एवढ्यावरच तो थोपवलेला असतो. म्हणून स्प्रिंग कडक ठेवावी लागते. त्याने युक्तीही दाखवली: स्लाइड चिमटीत धरायची नाही, वरून अख्ख्या तळव्याने पकडायची, हात छातीजवळ घ्यायचा आणि स्लाइड मागे ओढण्याऐवजी मूठ पुढे ढकलायची. तशी माझी स्लाइड गेली. पण भर दुपारी, उजेडात, घाई नसताना गेली. शिवाय गोळी अडकली तर तीच स्लाइड भराभर परत ओढावी लागते. पिस्तूल सोडायचे मी तिथेच ठरवले.

मग त्याने हलकी रिव्हॉल्व्हरे काढली. म्हाताऱ्या हाताला हलके बरे, असे कोणालाही वाटेल. कानपूरच्या कारखान्याने २०१४ मध्ये आणलेले 'निर्भीक' .३२ चे आहे, वजन अर्धा किलो. .२२ चे 'निडर' तर जेमतेम पाव किलोचे. हातात घेताना दोन्ही छान वाटतात. पण तीच गोळी हलक्या हत्यारातून सुटली की झटका हाताला जास्त बसतो, कारण तो पिऊन घ्यायला लोखंडच कमी असते. दुखऱ्या सांध्याला वजन सोसते, झटका सोसत नाही. .२२ चा झटका मुळात कमी, हे खरे. पण तिचे काडतूस कडेवर ठोकून पेटवावे लागते, त्यामुळे अशा रिव्हॉल्व्हरचा चाप बहुधा कडक असतो. बारीक मुठीवर तर माझी बोटे नीट मिटतच नव्हती. कात्रीच्या दांड्यांना सायकलच्या ट्यूबचे रबर गुंडाळून जाड करा, असे मला फिजिओथेरपिस्ट बाईंनी सांगितले होते आणि त्याने खरेच आराम पडला होता. मूठ जाड असली की बोटांना कमी आवळावे लागते. हत्याराच्या मुठीलाही हाच नियम लागू आहे.

उरले पोलादी रिव्हॉल्व्हर. आता सगळ्यात महत्त्वाचे सांगतो, कारण याच ठिकाणी माझ्या वयाच्या लोकांना चुकीचा सल्ला मिळतो. रिव्हॉल्व्हरचा चाप दोन प्रकारे चालतो. सरळ चाप ओढला तर त्याच ओढीत घोडा मागे जातो आणि सुटतो. ही ओढ जड असते, साधारण पाच-सहा किलोंची. दुसरा प्रकार म्हणजे आधी अंगठ्याने घोडा मागे चढवायचा. मग चाप दोनेक किलोत सुटतो. "काका, घोडा चढवून घेत जा, बोटाला त्रास नाही," असे मला एकाहून अधिक जणांनी सांगितले. पण घोडा चढवला आणि चोर पळून गेला तर? किंवा दारात आलेला माणूस शेजारचाच निघाला तर? तो घोडा उतरवावा लागणार. म्हणजे भरलेल्या हत्यारावर अंगठ्याने घोडा धरून, चाप दाबून, तो हळूहळू खाली आणायचा. माझा अंगठा बरणीच्या झाकणावरून घसरतो, तो घोड्यावरून घसरला तर गोळी सुटणारच. झीज झालेल्या अंगठ्याने चढवलेला घोडा उतरवायला जाणे हा घरातला मोठा धोका आहे. म्हणून मी नियम केला: घोड्याला हात न लावता, निव्वळ चाप ओढून जे हत्यार चालवता येईल तेवढेच आपले.

ते येते की नाही हे दुकानात कळत नाही. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत निफाड-दिंडोरीचा पारा इतका उतरतो की घडांना थंडी बाधू नये म्हणून बागेत शेकोट्या कराव्या लागतात. त्या थंडीत पहाटे माझी बोटे लाकडासारखी होतात. हत्याराची गरज पडलीच तर ती अशाच वेळी पडणार. मी दुकानदाराला चापाची ओढ काट्यावर मोजून मागितली. घरी द्राक्षे मोजायचा लटकता काटा खिळ्याला अडकवला आणि जानेवारीच्या पहाटे अंथरुणातून उठल्या उठल्या पहिल्या बोटाने तो ओढून पाहिला, सलग सहा वेळा, कारण सिलिंडरमध्ये सहा गोळ्या. बोट कमी पडले, तेव्हा फिजिओथेरपिस्ट बाईंचे व्यायाम वाढवले: गरम पाण्यात हात, मऊ चेंडू दाबणे, रबरबँड ताणून बोटे उघडणे. थंडी संपायच्या आत आकडा गाठला. गाठला नसता तर मी काहीच विकत घेणार नव्हतो.

शेवटी कानपूरचेच, २०२३ मध्ये आलेले 'प्रबल' घेतले. पोलादी, सुमारे ७०० ग्रॅम. जुनी .३२ रिव्हॉल्व्हरे मधून मोडून उघडतात. त्यासाठी घोड्याजवळचा खटका अंगठ्याने दाबायचा आणि नळी खाली वाकवायची. ते मला जड गेले. याचे सिलिंडर कडेला उघडते. रिकामी काडतुसे काढताना दांडा अंगठ्याने न दाबता, नळी वर करून तळव्याने ठोकतो. सराव डमी काडतुसांवर करतो. खरी काडतुसे आपल्या खडकीच्या कारखान्याची. पिस्तूल रीतसर विक्रेत्याला दिले आणि परवान्यावरची नोंद बदलून घेतली. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतरही एका माणसाला दोन शस्त्रे ठेवता येतात, पण जे हातात चालत नाही ते कपाटात कशाला? तिजोरीला किल्लीऐवजी आकड्यांचे कुलूप बसवले, कारण बारीक किल्ली चिमटीत फिरवणे मला जड जाते आणि सुटीत नातवंडे येतात.

परवाना आता पाच वर्षांचा असतो. पण हात पाच वर्षे सारखा राहील याची हमी कोण देणार? म्हणून दर थंडीत तीच काट्याची परीक्षा द्यायची असे मी घरात सांगून ठेवले आहे. ज्या वर्षी नापास होईन, त्या वर्षी रिव्हॉल्व्हर घरात राहणार नाही. त्यासाठी कायद्यात वाटही आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांतील नियम २५ प्रमाणे परवानाधारक ७० वर्षांचा झाला, किंवा त्याने शस्त्र २५ वर्षे बाळगले, की जिवंतपणीच तो वारसाचे नाव सुचवू शकतो. वारस पात्र असेल तर परवाना त्याच्या नावे होऊ शकतो. आपण गेल्यावर घरच्यांची धावपळ होण्यापेक्षा हे फार बरे. मी मुलाशी बोललो आहे, त्याने प्रशिक्षण घ्यायचे मान्य केले आहे.

माझ्या वयाच्या परवानाधारकांना एकच विनंती. आज घरी गेल्यावर हत्यार पूर्ण रिकामे करा, दोनदा तपासा, नळी सुरक्षित दिशेला धरा आणि कोणाच्याही मदतीशिवाय ते उघडून, बंद करून पाहा. जमले नाही, तर नूतनीकरणाची तारीख येईपर्यंत थांबू नका.