न विकलेल्या कार्डाचं ऋण

२०१८ च्या मार्चमध्ये लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात एका माणसाने मला ग्राफिक कार्ड विकायला नकार दिला. कार्ड त्याच्या मागच्या फळीवर होतं, पैसे माझ्या पर्समध्ये होते आणि विकण्यासाठीच तो माणूस तिथे पगारावर उभा होता. त्या नकारातून माझा कॉम्प्युटर घडला. पुढे मी कोणतीही वस्तू कशी घेते आणि दुसऱ्याला काय सल्ला देते, हेही त्यातूनच घडत गेलं. त्या माणसाचं ऋण एकदा नीट लिहून ठेवावं, असं बरेच दिवस मनात होतं.

सगळं दुकान त्यांना मामा म्हणायचं. मीही मामाच म्हणते. मूळचे कराडकडचे. दहावीनंतर चुलत्यांबरोबर मुंबईत आले, रेडिओ आणि टेपरेकॉर्डरच्या दुरुस्तीत त्यांचा हात बसला आणि नव्वदच्या दशकात त्या रस्त्याने कॉम्प्युटर धरला तसा त्यांनीही धरला. ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेचा हा रस्ता कागदोपत्री डॉ. भडकमकर मार्ग आहे, पण १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचं नाव लोकांच्या तोंडून गेलेलं नाही. मामांनी तिथे ४८६ जोडले, पेंटियम जोडले. हार्ड डिस्कच्या पाठीवरचा इवलासा जंपर चिमट्याने हलवून मास्टर कोण आणि स्लेव्ह कोण हे ठरवावं लागे, तेव्हापासून ते या कामात होते.

मी इस्लामपूरची. नोकरी लागली आणि डोंबिवलीला आत्याकडे राहायला आले. लहानपणी मामेभावाच्या कॉम्प्युटरवर जीटीए सॅन अँड्रियास खेळत उन्हाळ्याच्या सुट्ट्या गेल्या होत्या. तो उठला की माझी पाळी, अशी ती वाटणी होती. आपल्या कमाईतून आपला गेमिंग पीसी घ्यायचा, आणि तो तयार डब्यातला नव्हे, भाग निवडून जोडलेला घ्यायचा, हे मी तेव्हाच ठरवलं होतं. पगारातून बाजूला टाकत टाकत चाळीस हजार जमले आणि एका शनिवारी मी ग्रँट रोडला उतरले.

पहिल्या काही दुकानांत मला एकच प्रश्न ऐकू आला, ‘भावासाठी घ्यायचंय का?’ एका ठिकाणी तर उत्तराची वाटही न बघता लाल-निळे दिवे लावलेली काचेची कॅबिनेट दाखवायला सुरुवात झाली. मामांचा प्रश्न वेगळा होता. ‘ताई, गेम कुठल्या खेळणार तुम्ही? आणि स्क्रीन केवढी?’ काउंटर-स्ट्राइक आणि जीटीए फाइव्ह, मी म्हटलं. स्क्रीन साधी, फुल एचडी. ‘आणि वरचे पैसे काढणार का कुठून?’ नाही म्हटलं. मग त्यांनी एक जुनं बिल उलटं केलं आणि पाठच्या कोऱ्या बाजूवर यादी लिहायला घेतली. यादी संपेपर्यंत ‘ताई’चं ‘बाळ’ झालं होतं आणि ‘तुम्ही’चं ‘तू’.

माझ्या मनात १०५० टीआय हे कार्ड पक्कं होतं. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये आलेलं हे कार्ड कमी बजेटवाल्यांचं आवडतं होतं. ७५ वॅटमध्ये भागणारं, बहुतेक मॉडेलना वीज मदरबोर्डच्या स्लॉटमधूनच मिळायची, वेगळी वायर लागायची नाही. पण मी बाजारात पोचले ती वेळ वाईट होती. डिसेंबर २०१७ मध्ये बिटकॉइन वीस हजार डॉलरच्या घरात गेला होता, त्याच लाटेत इथेरियमही चढला होता, आणि इथेरियमचं मायनिंग ग्राफिक कार्डांवर होत असल्याने जगभर कार्डांचा तुटवडा पडला होता. अकरा-बारा हजारांचं कार्ड पंधरा-सोळा हजारांच्या आसपास मागत होते. मी तरीही देणार होते.

मामा म्हणाले, ‘देतो की. पण मग बाकीचं काय घेशील? हलका बोर्ड, एक रॅम, डब्याबरोबर फुकट मिळतो तसला एसएमपीएस. कार्ड तेवढं चांगलं आणि भोवतीनं सगळं कच्चं. आता नको घेऊस. जागा ठेव, भाव उतरले की मी सांगतो.’

त्या फेब्रुवारीतच एएमडीचा रायझन ३ २२००जी हा प्रोसेसर बाजारात आला होता. चार कोअर, आणि वेगा ८ नावाचं ग्राफिक त्याच्या पोटातच. किंमत साधारण आठ हजार. वेगळ्या कार्डाशिवाय तो काउंटर-स्ट्राइक सहज चालवेल आणि रेझोल्युशन ७२० पी वर आणलं तर जीटीए फाइव्हही खेळता येईल, असं मामांनी सांगितलं आणि ते पुढे तंतोतंत खरं ठरलं. यादीत ग्राफिक कार्डाची ओळ त्यांनी लिहिली, पण तिच्यासमोर रक्कम लिहिली नाही.

मग बाकीच्या ओळी आल्या. तेव्हा रॅमही महाग होती, तरी त्यांनी आठ जीबीची एक पट्टी न घेता चार-चारच्या दोन घ्यायला लावल्या. पोटातल्या ग्राफिकला स्वतःची मेमरी नसते, ते रॅमच वापरतं. दोन पट्ट्या लावल्या की डेटाला दोन वाटा मिळतात आणि त्याचा फरक थेट खेळात दिसतो. पण दोनच स्लॉटचा बोर्ड घेतला तर दोन्ही भरले आणि पुढे वाढवायचं झालं की जुन्या पट्ट्या काढून टाकायच्या. म्हणून बोर्ड चार स्लॉटचा, बी३५० चिपसेटचा. त्याचे हजार-दीड हजार जास्त गेले. ‘एएम४ सॉकेट कंपनी २०२० पर्यंत चालवणार म्हणतीय,’ ते म्हणाले. ‘प्रोसेसर बदलशील तेव्हा बोर्ड बदलावा लागू नये.’ विंडोजसाठी १२० जीबीची एसएसडी आणि गेमसाठी एक टीबीची साधी हार्ड डिस्क, कारण जीटीए फाइव्ह एकट्यालाच ६५ जीबीहून जास्त जागा लागत होती.

सगळ्यात जास्त वेळ त्यांनी दिला तो एसएमपीएसला, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या भागाला. दोन डबे समोर ठेवले. एकावर ठळक अक्षरांत ५०० वॅट, दुसऱ्यावर ४५०. ‘वरचं मोठं अक्षर वाचू नकोस,’ म्हणत त्यांनी बाजूच्या लेबलवरचा १२ व्होल्टचा रकाना दाखवला. तिथले अँपिअर गुणिले १२, हा खरा हिशेब. पाचशेवाल्याच्या रकान्यात १४ अँपिअर होते, म्हणजे १६८ वॅट. साडेचारशेवाल्याचा गुणाकार चारशेच्या पुढे जात होता, आणि त्यावर ८० प्लसचा शिक्का होता. म्हणजे भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किमान ८० टक्के वीज भागांपर्यंत पोचते, उरलेली उष्णता होऊन जाते. प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड दोघेही त्या १२ व्होल्टवरच जगतात. मला त्या दिवशी लागणारी वीज पाहिली तर १६८ वॅटमध्येही भागलं असतं. पण मामा त्या दिवसाचा हिशेब करत नव्हते, न घेतलेल्या कार्डाचा करत होते. चांगल्या एसएमपीएसचे दोन हजार सातशे रुपये त्यांनी यादीत लिहिले आणि ते भरून काढायला कॅबिनेट सगळ्यात साधं घेतलं, बिनकाचेचं, बिनदिव्यांचं, फक्त पुढून हवा नीट जाणारं. ‘मांडव साधा चालतो बाळ, आचारी चांगला लागतो.’

दुपारी जोडणीला बसल्यावर आणखी एक गोष्ट निघाली. आधी तयार झालेले बी३५० बोर्ड या नव्या प्रोसेसरला ओळखत नसत. ओळख पटवायची तर बायोस, म्हणजे बोर्ड सुरू करणारं त्याच्यातलं सॉफ्टवेअर, नवा घालायला हवा, आणि बायोस घालायला बोर्ड सुरू करायचा तर त्याला ओळखीचा जुना प्रोसेसर हवा. घरी भाग मागवून जोडणारे कितीतरी जण त्या महिन्यांत काळ्या पडद्यासमोर अडकले. अशा ग्राहकांना जुना प्रोसेसर उसना पाठवण्याची सोय खुद्द एएमडीला करावी लागली होती. मामांनी ड्रॉवरमधून एक जुना रायझन काढला, बसवला, पेन ड्राइव्हवरून बायोस घातला, तो उतरवून माझा बसवला. त्या कामाचे वेगळे पैसे बिलात नव्हते. मी विचारल्यावर म्हणाले, ‘बोर्ड आमच्याकडून घेतलास ना? मग तो चालता करून देणं आलंच की.’

या सगळ्याची किंमत मला नंतर, त्यांच्याशी ओळख वाढल्यावर कळली. प्रोसेसरवर दुकानाला फार थोडं सुटतं. सुटतं ते बिननावाच्या एसएमपीएसमध्ये, दिव्यांच्या कॅबिनेटमध्ये आणि तुटवड्यातल्या कार्डांमध्ये. महिन्याच्या विक्रीवर मामांना पगाराशिवाय थोडे पैसे मिळायचे. म्हणजे माझ्या यादीतली जी जी ओळ त्यांनी खोडली किंवा साधी केली, तिथे तिथे त्यांचं स्वतःचं काही ना काही गेलं होतं. हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. दुकानातल्या एका मुलाने सांगितलं.

त्याच वर्षाच्या अखेरीस फोन आला. ‘आता ये.’ इथेरियम कोसळला होता, मायनिंगवाले बाजारातून बाहेर पडले होते आणि कार्डांचे भाव उतरले होते. महिने उलटून गेले होते, शेकडो गिऱ्हाइकं त्या काउंटरवर येऊन गेली असतील, पण बिनरकमेची ती ओळ त्यांच्या लक्षात होती. मूळ ठरवलेल्या १०५० टीआयपेक्षा बरंच ताकदवान असं आरएक्स ५७० कार्ड मला तेव्हा परवडलं. त्याला दीडशे वॅटच्या आसपास वीज लागते आणि एसएमपीएसची वेगळी वायर जोडावी लागते. ती वायर मार्चपासून कॅबिनेटच्या मागच्या बाजूला गुंडाळून ठेवलेली होती. मामांनी ती सोडवली आणि जोडली. जीटीए फाइव्ह त्या रात्री मी पहिल्यांदा फुल एचडीत पाहिला.

२०२० च्या टाळेबंदीत त्याच कॉम्प्युटरवर माझी नोकरी चालली आणि आतेभावाची शाळाही. ऐन पावसाळ्यात एके सकाळी तो सुरूच होईना, पडदा काळा. मामा गावी गेले होते. फोनवरून त्यांनी मला बटण बंद करून वायर काढायला लावली, कॅबिनेट उघडून रॅमच्या पट्ट्या काढायला लावल्या आणि त्यांच्या सोनेरी कडा शाळेच्या साध्या खोडरबराने हलक्या हाताने पुसायला सांगितल्या. दमट हवेने कडांवर थर बसतो, तो निघतो. पट्ट्या परत बसवल्या, दोन्हीकडचा ‘टक्’ आवाज फोनवर त्यांनी ऐकला आणि म्हणाले, ‘लाव आता.’ कॉम्प्युटर सुरू झाला. पुढे त्याच बोर्डवर बायोस बदलून रायझन ५ ३६०० बसला, चार कोअरचे सहा झाले, आणि बोर्ड बदलावा लागला नाही.

२०२१ मध्ये मामांच्या मुलीने इंजिनीअरिंगला प्रवेश घेतला. तिला गेम खेळण्यापेक्षा गेम तयार करायला शिकायचं होतं. पुन्हा तुटवड्याचे दिवस होते. फेब्रुवारीत ३२९ डॉलर किमतीला बाजारात आलेल्या आरटीएक्स ३०६० चे आपल्याकडे पन्नास हजारांच्या वर मागत होते. मामांनी मला बोलावलं आणि म्हणाले, ‘यादी तू कर.’ तीस वर्षं या रस्त्यावर काढलेला माणूस आपल्या लेकीच्या कॉम्प्युटरची यादी माझ्याकडून करून घेत होता. मी पोटात ग्राफिक असलेला रायझन ५ ५६००जी लिहिला, रॅमच्या दोन पट्ट्या, चार स्लॉटचा बोर्ड, कार्डाची ओळ बिनरकमेची. मामांनी कागद घेतला, आधी एसएमपीएसची ओळ वाचली, मनात गुणाकार केला आणि कागद घडी करून खिशात ठेवला. माझ्या आयुष्यात मला मिळालेल्या पावत्यांमध्ये या पावतीला मी सगळ्यात वर ठेवते.

आज कोणत्या प्रोसेसरला कोणता बोर्ड चालतो ही माहिती कुणालाही घरबसल्या मिळते. मामांनी मला दिलं ते त्याहून वेगळं होतं. माझे चाळीस हजार त्यांनी स्वतःच्या घरचे असल्यासारखे जपले आणि आपल्या नफ्याचा विचार शेवटी केला. दुकानात उभं राहून असं वागणं सोपं नसतं. त्यासाठी रोज थोडं नुकसान सोसावं लागतं.

म्हणून कॉम्प्युटर जोडायला निघालेल्या प्रत्येकाला माझी एक विनंती आहे. ज्याच्या काउंटरवर अर्धा दिवस उभे राहून तुम्ही प्रश्न विचारता, त्याच्याकडून यादी करून घेऊन सगळे भाग दुसरीकडून चारशे-पाचशे रुपये स्वस्त मागवू नका. निदान बोर्ड आणि एसएमपीएस तरी त्याच्याकडूनच घ्या, आणि त्याच्या सल्ल्याची किंमत त्या बिलातून द्या.