बुरांशाच्या सावलीत

वाचकहो, चिखलदऱ्याचा चढ ज्यांना जड जातो, त्यांनी हिमालयाचा बेत आखताना जरा थांबावे. चिखलदरा सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे. उत्तराखंडातील चोपता सुमारे २,७०० मीटरवर आणि तेथून पायी गाठायचे तुंगनाथाचे मंदिर ३,६८० मीटरवर आहे.

मे महिन्यात ७८ वर्षांच्या आईला घेऊन मी त्या वाटेला लागलो. पहिल्याच टप्प्यात ती बोलता बोलता थांबू लागली. एका वाक्यात दोनदा श्वास घ्यावा लागणे, हे लक्षण दवाखान्यात मी लगेच ओळखतो. आईच्या बाबतीत मात्र ‘अजून दहा पावले’ म्हणत अर्धा तास दवडला. अखेर माघार घेतली. ती रागावली. “एवढ्या दूर का झाडंच पाहाले आनलं मले?”

झाडे मात्र पाहण्याजोगी होती. बुरांश, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन, हा उत्तराखंडाचा राज्यवृक्ष. त्याचा लाल बहर ओसरत आला होता. वर, मोठी झाडे संपतात तेथे, त्याचा काटक भाऊबंद झुडूप होऊन राहतो : घंटेसारखी फिकट जांभळी फुले, पानांखाली तांबूस लव. हिवाळ्यात बर्फाच्या भाराने तो वाकतो, बर्फ वितळले की पुन्हा उठतो. माझी मुलगी वरपर्यंत जाऊन आली आणि गळलेले एक फूल तिने आजीच्या ओंजळीत ठेवले.

आईला त्याचे रोप अमरावतीच्या अंगणात हवे होते. पण त्याला आम्लधर्मी, निचऱ्याची माती आणि गारवा लागतो. दार्जिलिंगच्या, अगदी विलायतेच्या बागांतही ते नांदते. आपल्या चुनखडीच्या काळ्या मातीत आणि ४५ अंशांच्या उन्हात नाही.

सोबत नेणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. २,५०० मीटरच्या वर गेल्यावर पहिला दिवस विश्रांतीचा ठेवावा. बसूनही धाप लागत असेल तर तत्काळ खाली उतरावे. तेथे मिळणारे बुरांशाचे सरबत साखरेने गच्च असते, मधुमेहींनी ते टाळावे. जंगली मधही नको. या कुळातील काही जातींच्या मधात ग्रेयानोटॉक्सिन हे विष असते. त्याने नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना धोका अधिक. मध खाऊन चक्कर आल्यास आडवे निजवून रुग्णालय गाठावे.

आईने ते फूल पोथीत ठेवले. अकोल्याच्या मावशीला दाखवताना ती म्हणाली, “देवानं खाली धाडलं.”