'दोनच' आणि 'निदान दोन'

कागदपत्रांचे वर्गीकरण हाच आमचा व्यवसाय; म्हणून व्याख्येतील एकेका शब्दाची जरब आम्ही जाणतो. इसवी सनापूर्वी 300 च्या सुमारास युक्लिडने समद्विभुज त्रिकोणाला 'दोनच बाजू समान' अशी अट घातली आणि समभुज त्रिकोण त्या वर्गाबाहेर राहिला. आजची व्याख्या 'निदान दोन' म्हणते व त्याला आत घेते. मग समान बाजूंसमोरील कोन समान, हा समद्विभुजाचा सिद्धांत त्यालाही आपोआप लागू पडतो. दोनदा लावला की तिन्ही कोन 60 अंशांचे ठरतात. समभुजाचे मात्र काहीच उणावत नाही.

दिल्लीत जन्मलेली आमची कन्या विचारते, "बाबा, आपण मराठी की दिल्लीकर?"

युक्लिडची क्षमा मागून आम्ही सांगतो, "निदान मराठी!"