वॉटर क्वालिटी: व्हेरी हाय

गेममधला ग्राफिक्सचा मेन्यू उघडला की माझा हात वर्षानुवर्षं एकच काम करत आला. जे दिसेल ते सगळ्यात वरच्या पातळीला न्यायचं. लो, मीडियम, हाय, अल्ट्रा असे शब्द ओळीनं समोर असताना मीडियमवर थांबणं मला कमीपणाचं वाटायचं. ज्यांची शाळा-कॉलेजची वर्षं 'लातूर पॅटर्न'च्या टक्केवारीत गेली, त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. मीडियम म्हणजे सेकंड क्लास, आणि सेकंड क्लासवाल्याचा विषय पाहुण्यांसमोर काढत नाहीत. गेम नीट चालतोय का, हा प्रश्न मला पडतच नसे.

नांदेडला तरोडा नाक्याजवळच्या आमच्या घरी 2005च्या सुमारास पहिला कॉम्प्युटर आला. पेंटियम फोर, 256 एमबी रॅम, पाठीमागे भलं मोठं पोट असलेला पंधरा इंची मॉनिटर. वेगळं ग्राफिक्स कार्ड नव्हतं, मदरबोर्डवर होतं तेवढंच. बाबांना 'अभ्यासाला लागतो' असं सांगून तो घेतला होता आणि पहिल्याच आठवड्यात त्यावर व्हाइस सिटी चढली. रेझोल्यूशनच्या यादीत मी सगळ्यात मोठा आकडा निवडला आणि स्क्रीन काळी झाली. मधोमध 'आउट ऑफ रेंज' असा चौकोन फिरायला लागला. त्या मॉनिटरच्या आवाक्यातला तो आकडाच नव्हता. कॉम्प्युटर बंद करून चालू केला की विंडोज ठीक दिसायचं, गेम उघडला की पुन्हा काळोख. मग मी गेम काढून टाकला, परत टाकला. पुन्हा काढला, पुन्हा टाकला. फरक शून्य, कारण या गेमच्या सेटिंगची फाइल 'माय डॉक्युमेंट्स'मधल्या वेगळ्या फोल्डरात असते आणि गेम काढला तरी ती तिथंच राहते. हे एका मित्रानं सांगितल्यावर मी ती छोटीशी फाइल तेवढी उडवायची सोडून अख्खं फोल्डर उडवलं. त्यातच सेव्ह केलेले गेमही होते. माझे गेले त्याचं मला फारसं काही वाटलं नाही, पण धाकट्या भावाचेही गेले. पुढं बरेच दिवस तो माझ्याशी कामापुरतंच बोलायचा.

त्याच कॉम्प्युटरवर 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम' सुरूच होत नव्हता. त्याला पिक्सेल शेडर लागायचा आणि आमच्या मदरबोर्डवरच्या ग्राफिक्सला ते जमत नव्हतं. तेव्हा 'थ्रीडी अ‍ॅनालाइझ' नावाचं एक सॉफ्टवेअर मित्रांमध्ये फिरायचं. मशीनमध्ये नसलेलं कार्ड आहे असं ते गेमला भासवायचं, आणि त्यातलं काही काम मग बिचाऱ्या प्रोसेसरच्या गळ्यात पडायचं. त्याच्या जोरावर एक-दोन गेम मी सुरू केले. स्लाइड शो बघावा तसे चालले, पण 'आपल्याकडं चालतो' असं वर्गात सांगता आलं, आणि तेव्हा तेवढं पुरेसं होतं.

खरी महागाची चूक लातूरला झाली. नोकरीसाठी तिकडं गेलो, औसा रोडला वरच्या मजल्यावर खोली घेतली आणि पहिल्या पगारांतून कॉम्प्युटर जमवला. 14 एप्रिल 2015 रोजी 'जीटीए फाइव्ह' पीसीवर आला. त्यासाठी कार्ड हवं होतं. नांदेडकरांची जुनी सवय अशी की कॉम्प्युटरचं काही मोठं घ्यायचं असेल तर देवगिरी एक्स्प्रेसनं सिकंदराबाद गाठायचं आणि पार्क लेनच्या चेनॉय ट्रेड सेंटरमध्ये, म्हणजे 'सीटीसी'त, मजले चढत-उतरत भाव करायचे. मीही तेच केलं. समोर दोन कार्डं होती. एकावर 2 जीबी, दुसऱ्यावर 4 जीबी, आणि 4 जीबीवालं स्वस्त. दुप्पट माल कमी पैशात मिळतोय म्हटल्यावर मी पुढचं काही वाचलंच नाही.

वाचायला हवं होतं ते मेमरीच्या जातीबद्दल. 4 जीबीवाल्या कार्डावर डीडीआर3 मेमरी होती, तीही 64 बिटच्या अरुंद वाटेवर. अशी मेमरी सेकंदाला साधारण 14 जीबी माहिती पुरवते. जीडीडीआर5 मेमरी तेवढ्याच वाटेवर 40च्या आसपास जाते. मी सोडून आलेलं 2 जीबीचं कार्ड जीटीएक्स 750 टीआय होतं. त्याची वाटही दुप्पट रुंद, त्यामुळं त्याचा आकडा 86 होता. मी गोदाम मोठं बघून घेतलं आणि दार किती रुंद आहे हे पाहिलंच नाही.

त्यात जीटीए फाइव्हच्या मेन्यूनं माझी दिशाभूल केली, किंवा मी करून घेतली. त्या पानावर वर एक पट्टी असते. निवडलेल्या सेटिंगला किती व्हिडिओ मेमरी लागेल आणि तुमच्याकडं किती आहे, हे ती दाखवते. माझ्याकडं 4 जीबी, त्यामुळं टेक्सचर व्हेरी हाय केलं तरी पट्टीत जागा शिल्लक. गवत वाढवलं, सावल्या वाढवल्या, कडा गुळगुळीत करणारं एमएसएए चार पट केलं, तरी पट्टी निवांत. गेम सुरू केला तर त्यातल्या मायकेलची गाडी एक झटका पुढं आणि एक क्षण थांबलेली. ती पट्टी फक्त जागा मोजते, काम मोजत नाही. टेक्सचर मेमरीत मावत असेल तर ते वाढवल्यानं वेग फारसा उतरत नाही. एमएसएए मात्र प्रत्येक पिक्सेलसाठी जास्तीचे नमुने साठवतं आणि मेमरीची वाट अडवून बसतं, आणि माझ्या कार्डात नेमकी तीच वाट अरुंद होती. सावल्यांसाठी कार्डाला आख्खं दृश्य सूर्याच्या बाजूनंही काढावं लागतं. गवत शहरात जाणवत नाही, पण गाडी डोंगराकडं वळवली की मशीन गुडघ्यावर येतं. हे सगळं मला पुढं कळलं. त्या वेळी मी दुकानदाराला मनातल्या मनात चोर ठरवून मोकळा झालो. त्यानं खोटं काहीच सांगितलं नव्हतं. 4 जीबी म्हणून दिलं होतं, 4 जीबीच होतं.

ते कार्ड तोट्यात विकलं आणि मुकाट्यानं 750 टीआय आणलं. 60 वॅटचं कार्ड, वेगळी पॉवरची वायर लागत नाही, त्यामुळं माझ्या साध्या एसएमपीएसवर चाललं. डोंगरात आता मजा यायला लागली, पण शहराच्या मध्यावर गाडी घेतली की पुन्हा अडखळायचं. मी रेझोल्यूशन 1920 बाय 1080 वरून 1280 बाय 720 वर आणलं. म्हणजे सुमारे 20 लाख 73 हजार पिक्सेलऐवजी 9 लाख 21 हजार, कार्डाचं काम निम्म्याहून कमी. तरी अडखळणं तेवढंच, वर चित्र धूसर. इथंच थांबून विचार करायला हवा होता. कार्डाचं ओझं एवढं उतरवूनही फरक पडत नसेल तर अडचण कार्डात नाही, प्रोसेसरमध्ये आहे. रस्त्यावर किती माणसं आणि गाड्या असतील हे ठरवणारी 'पॉप्युलेशन डेन्सिटी' प्रोसेसरवर बसते, आणि माझा प्रोसेसर दोनच कोअरचा होता. पण माझी पद्धत अशी की एका वेळी सात-आठ गोष्टी बदलायच्या, मग गेम चालवून बघायचा, मग वैतागून सगळं डिफॉल्टला न्यायचं. कशानं फरक पडला हे मला कळणार कसं? या गेमच्या आतच स्वतःची बेंचमार्क चाचणी आहे. प्रत्येक वेळी तीच दृश्यं दाखवून आकडे देते. मी ती कित्येक महिने उघडलीसुद्धा नव्हती.

मग 2016चा उन्हाळा आला. लातूरच्या त्या उन्हाळ्याबद्दल वेगळं काय सांगणार. मार्चमध्ये पाण्याच्या ठिकाणी गर्दी करायला बंदी घालणारा कलम 144चा आदेश निघाला. 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, 10 वाघिणींत 5 लाख लिटर. घराघरात बॅरल, घागरी आणि टँकरच्या वेळांचा हिशोब. कूलर सगळ्यांकडं होते आणि कोरडे होते. त्यात पाणी ओतायचा विचारही कुणी बोलून दाखवत नसे. माझी खोली तर थेट स्लॅबखाली.

आणि अशा दिवसांत मी जीटीएचा मेन्यू उघडून 'वॉटर क्वालिटी' व्हेरी हायवर ठेवत होतो. हे सेटिंग खरंच आहे, नॉर्मल, हाय आणि व्हेरी हाय अशा तीन पायऱ्यांचं. सकाळी टँकरच्या रांगेत भांडून यायचं आणि संध्याकाळी गेममधल्या लॉस सँटोसच्या समुद्रावर ऊन कसं चमकतं ते निरखायचं. त्यातली विसंगती मला तेव्हा दिसली नाही. दिसली असती तरी सेटिंग खाली आणलं असतं, याची खात्री देत नाही.

त्या एप्रिलमध्ये गेम वेगळ्याच तऱ्हेनं बिघडला. पहिली दहा-पंधरा मिनिटं झकास आणि मग हळूहळू दम लागल्यासारखा. सेकंदाला साठ फ्रेमवरून चाळिशीच्या खाली. मी ड्रायव्हर बदलले. व्हायरस असेल म्हणून विंडोज फॉरमॅट केलं, आणि त्या गडबडीत काही फोटो गेले, ते आजही आठवले की चरफडतो. मग कॅबिनेटची एक बाजू उघडून समोर टेबलफॅन लावला. एका आठवड्यात काळ्या मातीच्या धुळीचा थर पंख्यावर आणि हीटसिंकवर बसला, आणि आधीच्यापेक्षा वाईट झालं. कार्ड आपलं तापमान मोजत असतं आणि ठरलेल्या मर्यादेला पोचलं की जळू नये म्हणून वेग आपोआप उतरवतं. खोली पंचविशीत असताना जे कार्ड सुखात असतं, तेच खोली चाळिशीला गेल्यावर त्या मर्यादेवर जाऊन टेकतं. ग्राफिक्सच्या मेन्यूत खोलीचं तापमान लिहिलेलं नसतं. आपल्या भागात ते पहिल्या ओळीत असायला हवं, असं माझं ठाम मत आहे. गेम बनवणारे आणि सेटिंगचे सल्ले देणारे बहुतेक लोक थंड खोल्यांत बसून लिहितात.

उपाय मेन्यूतच होता आणि मी तो मुद्दाम टाळत होतो. 'व्ही-सिंक'मध्ये 'हाफ' असा एक पर्याय आहे. साठ हर्ट्झच्या मॉनिटरवर तो फ्रेम तीसवर बांधून ठेवतो. कार्ड मधल्या वेळात श्वास घेतं, कमी तापतं, आणि मग तीस म्हणजे तीसच राहतात. साठ, बावन्न, अडतीस, पंचावन्न अशी उडी मारणाऱ्या आकड्यांपेक्षा डोळ्याला स्थिर तीस कितीतरी बरे वाटतात, कारण आपल्याला खुपतो तो चढउतार. पण 'हाफ' या शब्दाला माझा हात जाईना. कुठल्याही मर्यादेचा मला आधीपासूनच राग. त्याआधी याच कॉम्प्युटरवर हौसेनं जीटीएचाच जुना 'सॅन अँड्रियास' टाकला तेव्हा 'फ्रेम लिमिटर' पहिल्या झटक्यात बंद केला होता. मग त्यातला नायक सीजे पाण्यात पडला की जागेवरच हात मारत बसायचा, पुढं सरकायचाच नाही. त्या गेमच्या हालचालीचं गणित ठरावीक फ्रेमसंख्येवर बांधलेलं आहे, ती मोकाट सोडली की पोहणंसुद्धा बिघडतं. मी मात्र कीबोर्डवर संशय घेतला आणि नवा कीबोर्ड आणला.

एवढं सगळं झाल्यावर मी शहाणा झालो असेन, या समजुतीनं बहिणीनं 2020च्या शेवटी नांदेडहून फोन केला. भाच्याची शाळा ऑनलाइन, कॉम्प्युटर घ्यायचा होता, आणि त्याला व्हॅलोरंट खेळायचा होता. कार्ड बजेटात बसत नव्हतं, म्हणून आतच ग्राफिक्स असलेला रायझन प्रोसेसर घ्यायला सांगितला. ते बरोबर होतं. पण रॅम? 8 जीबीची एकच स्टिक घे, पुढं दुसरी घालता येईल, हा माझा सल्ला. असं ग्राफिक्स स्वतःची मेमरी नसल्यानं रॅमवरच जगतं, आणि एका स्टिकवर त्याला निम्मीच वाट मिळते. 4 जीबीच्या दोन घेतल्या असत्या तर जवळपास तेवढ्याच पैशात गेम अंगाला लागला असता. सीटीसीतली चूक मी दुसऱ्याच्या पैशानं पुन्हा केली, मेमरी किती ते पाहिलं आणि वाट किती ते पाहिलं नाही. दुसरी स्टिक मी गपचूप माझ्या खर्चानं पाठवली.

दिवाळीत नांदेडला गेलो तेव्हा त्याचे सगळे सेटिंग लोवर. मला ते चित्र बघवेना. तो जेवायला गेला तेवढ्यात मटेरियल हाय, टेक्सचर हाय, अँटी-अलायझिंग चालू, ब्लूम चालू, आणि चित्र फाटू नये म्हणून व्ही-सिंकही चालू केलं. तो परत येऊन खेळला, दोन-तीन राउंडमध्ये सगळ्यांच्या आधी मेला आणि माझ्याकडं वळला.

"मामा, तुम्ही काय केलाव याला?"

"अरे, बघ की किती छान दिसायलंय."

"दिसायलंय छान. पण मी मरायलो ना!"

व्ही-सिंकमुळं माउस हलवणं आणि पडद्यावर निशाणा हलणं यांत किंचित उशीर येतो. गोष्ट बघत फिरायच्या गेममध्ये तो जाणवतही नाही, पण समोरासमोर गोळीबारात तेवढ्यात खेळ संपतो. त्याला समोरचा माणूस लवकर दिसायला हवा होता, भिंतीवरची चमक नको होती. सगळं परत लोवर नेऊन त्यानं मला खुर्चीवरून उठवलं.

आता माझ्याकडं दोन सेटिंग लिहून ठेवलेली आहेत. मार्च ते जून फ्रेम बांधलेल्या, गवत नॉर्मल, एमएसएए बंद, त्याऐवजी हलकं एफएक्सएए. पाऊस लागला की फ्रेम साठपर्यंत मोकळ्या. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बेंचमार्क लावायचा, हेही आता अंगवळणी पडलंय. सावल्यांवरून मात्र मामा-भाच्याचं जमत नाही. तो म्हणतो, सावल्या पूर्ण खाली आणा, फुकटच्या फ्रेम मिळतात. मी त्या हायवरच ठेवतो. एवढ्या उन्हात गाडीखाली धड सावली नसेल तर गाडी रस्त्यापासून वीतभर वर तरंगल्यासारखी दिसते, आणि मराठवाड्यातल्या माणसाला ते पटत नाही.